ग्लासगोचे ‘मॅकिंटॉश अॅट द विलो’: चमच्यापासून दर्शनी भिंतीपर्यंत एका वास्तुकाराचे चहागृह

स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात सॉकीहॉल स्ट्रीटवरच्या 217 क्रमांकाच्या इमारतीत 1903 च्या ऑक्टोबरात एक चहागृह सुरू झाले. पुढे त्याचे मालक बदलले, नाव बदलले, कित्येक दशके ती जागा एका मोठ्या दुकानाचा भाग होऊन राहिली, मग तिथे पुन्हा चहा मिळू लागला, आणि 2018 साली सुमारे एक कोटी पाउंड खर्चून ही वास्तू जवळजवळ मूळ रूपात परत उभी करण्यात आली. आज ‘मॅकिंटॉश अॅट द विलो’ या नावाने ती चालते आणि 2024 पासून नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंड ही संस्था तिचा कारभार पाहते. तिचे वास्तुकार चार्ल्स रेनी मॅकिंटॉश यांचे नाव निघाले की सर्वांना आधी ग्लासगो स्कूल ऑफ आर्टची इमारत आठवते. ती इमारत मात्र 2014 आणि 2018 अशा दोन आगींत सापडली आणि अजून पुन्हा उघडलेली नाही. त्यामुळे या वास्तुकाराची कारकीर्द समजून घ्यायची असेल तर ग्लासगोत पहिल्यांदा या चहागृहात जावे, असे मी सुचवेन. आर्ट स्कूल शाबूत असते तरीही मी हेच म्हटले असते, कारण इमारत बांधणारे मॅकिंटॉश आणि खुर्च्या घडवणारे मॅकिंटॉश हे एकच होते, ही गोष्ट इथल्या टेबलाशी बसून जितकी स्पष्ट कळते तितकी ती संग्रहालयातल्या दोरीपलीकडच्या खुर्चीकडे पाहून कळत नाही.

चहागृह ही त्या काळच्या ग्लासगोची खास चीज होती. जहाजबांधणी आणि व्यापार यांवर गबर झालेल्या या शहरात दारूचे प्रमाण मोठे होते आणि त्याविरुद्धची चळवळही तितकीच जोरकस होती. चहाच्या व्यापारातले मोठे नाव असलेले टॉमस लिप्टन याच शहरातले. स्टुअर्ट क्रॅन्स्टन नावाच्या चहाच्या व्यापाऱ्याने गिऱ्हाइकांना बसून चहा पिण्याची सोय आपल्या दुकानात केली, आणि त्यांची बहीण केट क्रॅन्स्टन यांनी 1878 मध्ये आर्गाइल स्ट्रीटवर स्वतःचे पहिले चहागृह काढले. पुढच्या काळात मिस क्रॅन्स्टन यांची चार चहागृहे झाली. लग्नानंतरही त्यांनी धंद्यातले ‘मिस क्रॅन्स्टन’ हेच नाव ठेवले आणि स्वतः जुन्या धाटणीच्या घेरदार पोशाखात वावरत राहिल्या. पण आपल्या दुकानांच्या सजावटीसाठी त्या शहरातल्या सर्वांत धाडसी तरुणांना बोलवत. एकट्यादुकट्या स्त्रीला कोणाचीही नजर न झेलता बाहेर जेवता यावे अशी जागा त्या वेळी शहरात जवळपास नव्हती. या चहागृहांनी ती दिली आणि पुरुषांसाठी बिलियर्ड आणि धूम्रपानाच्या खोल्याही ठेवल्या. कोणत्या गिऱ्हाइकाला कुठे बसायचे असते, कोणाला खिडकी हवी असते आणि कोणाला आडोसा, हे या बाईंना पक्के ठाऊक होते. मॅकिंटॉश यांच्या नशिबाने त्यांना असा आश्रयदाता मिळाला, हे पुढचे सगळे वाचताना ध्यानात ठेवावे.

मॅकिंटॉश यांचा जन्म 1868 चा. वडील पोलिसात होते, घरात भावंडे पुष्कळ होती. सोळाव्या वर्षी एका वास्तुकाराकडे उमेदवारी, 1889 पासून हनिमन अँड केपी या कार्यालयात आराखडे काढण्याची नोकरी, संध्याकाळी आर्ट स्कूलचे वर्ग, आणि तिथेच मार्गारेट आणि फ्रान्सिस या मॅक्डॉनल्ड बहिणींची आणि हर्बर्ट मॅकनेअर यांची गाठ. हे चौघे मिळून जी चित्रे, जे धातूकाम आणि जे फर्निचर करत, ते लंडनच्या मंडळींना चमत्कारिक वाटे. व्हिएन्नात मात्र 1900 मध्ये त्याच कामाचे मोठे स्वागत झाले. याच दशकात आर्ट स्कूलची नवी इमारत त्यांच्या हातून आकाराला येत होती, पण ती अजून त्यांच्या नावाने ओळखली जात नव्हती, कारण काम कार्यालयाच्या नावावर होते.

मिस क्रॅन्स्टन यांच्याकडचे त्यांचे काम कसे वाढत गेले ते पाहण्यासारखे आहे. बुकॅनन स्ट्रीटवरच्या चहागृहात 1896-97 च्या सुमारास त्यांच्या वाट्याला फक्त भिंतींवरचे स्टेन्सिलचे चित्रकाम आले. बाकी सजावट जॉर्ज वॉल्टन या सजावटकाराची होती. आर्गाइल स्ट्रीटवर 1898 मध्ये वाटणी उलटी झाली, भिंती वॉल्टन यांच्याकडे गेल्या आणि फर्निचर मॅकिंटॉश यांच्याकडे आले. इनग्रॅम स्ट्रीटवर 1900 मध्ये संपूर्ण दालने त्यांना मिळाली, आणि 1903 मध्ये सॉकीहॉल स्ट्रीटवर अख्खी इमारत मिळाली. भिंत, मग खुर्ची, मग खोली, मग रस्त्यावरचा चेहरा: एका धंदेवाईक बाईने एका तरुण वास्तुकाराला असे टप्प्याटप्प्याने वाढवले. मोठ्या सरकारी कामांच्या स्पर्धांतून जे मॅकिंटॉश यांना कधी धड मिळाले नाही, ते चहा-बिस्किटांच्या धंद्यातून मिळाले.

आर्गाइल स्ट्रीटच्या भोजनकक्षासाठी त्यांनी केलेली ओकच्या लाकडाची उंच पाठीची खुर्ची आज जगभर ओळखली जाते. तिची उंची सुमारे 137 सेंटीमीटर आहे. म्हणजे बसलेल्या माणसाच्या डोक्याच्याही वर तिची पाठ जाते, आणि तिथे एक मोठी लंबगोल फळी बसवलेली असून तिच्यात उडत्या पाखराचा आकार कोरून आरपार काढलेला आहे. कागदावर हा प्रकार नुसता शोभेचा वाटतो. पण लांबट, गजबजलेल्या दालनात एका टेबलाभोवती अशा चार-सहा खुर्च्या मांडल्या की त्यांच्या पाठींचे एक कडे तयार होते, आणि बसलेल्या मंडळींना भर गर्दीत आपली स्वतंत्र खोली मिळाल्यासारखे वाटते. भिंत न बांधता भिंतीचे काम खुर्चीकडून करून घेण्याची ही युक्ती आहे. आपल्या इराण्याच्या हॉटेलातली वाकवलेल्या लाकडाची खुर्ची हलकी, सुबक आणि टिकाऊ असते, पण ती कुठेही ठेवली तरी तीच राहते. मॅकिंटॉश यांची खुर्ची त्या एका दालनाचा तुकडा असते आणि तिथून उचलली की अर्धी मुकी होते. त्यांच्या खुर्च्यांविषयी जी तक्रार नेहमी ऐकू येते, की त्या बसण्यापेक्षा पाहण्यासाठी बऱ्या, तिचे मूळ मला यातच दिसते. लोक त्या दालनाबाहेर पाहतात.

आता प्रत्यक्ष विलोकडे येऊ. सॉकीहॉल स्ट्रीट आज काही देखणा रस्ता राहिलेला नाही. दुकाने बंद पडलेली, पाट्या भडक. त्यात ही पांढऱ्या गिलाव्याची इमारत दुरूनच वेगळी उठून दिसते. शेजारपाजारच्या इमारती दगडाच्या आणि नक्षीच्या असताना मॅकिंटॉश यांनी जुन्याच इमारतीचा दर्शनी भाग गुळगुळीत पांढरा करून टाकला, पहिल्या मजल्याला हलका बाक दिला, तळमजल्यावर आणि पहिल्या मजल्यावर जवळजवळ संपूर्ण रुंदीची, लहान लहान तावदानांची खिडकी घेतली आणि वरच्या मजल्यांच्या खिडक्या डाव्या-उजव्या बाजूंना सारख्या न ठेवता मुद्दाम विषम ठेवल्या. 1903 च्या ग्लासगोत हा दर्शनी भाग पाहून माणसे थबकली असतील, यात शंका नाही. भोवती चौकडीची बारीक किनार आहे, तीही जवळ गेल्यावरच लक्षात येते. जाहिरातीची पाटी न वाचताही हे दुकान ओळखता येते, हे चांगल्या उपाहारगृहाच्या रचनेचे पहिले लक्षण इथे पुरेपूर आहे.

आत शिरल्यावर पुढचे दालन पांढरे आणि उजळ, ते मुख्यतः स्त्रियांसाठी होते. मागचे दालन अधिक गडद, दुपारच्या जेवणासाठी. आणि त्या मागच्या दालनावर सज्जा, ज्यात वरून उजेड उतरतो. पहिल्या मजल्यावर रस्त्याच्या बाजूला ‘सलाँ द लक्स’ हे खास दालन आणि त्याच्या वर बिलियर्डची खोली. तळमजल्याची दालने आणि सज्जा एकमेकांपासून दारांनी तोडलेले नाहीत. एकातून दुसरे दिसते, पण रंग आणि उजेड बदलल्यामुळे आपण दुसरीकडे आलो हे कळते. सॉकीहॉल या नावाच्या पोटात विलोचे, म्हणजे आपल्या वाळुंजाच्या जातीच्या झाडाचे नाव दडलेले आहे, आणि तेवढा धागा धरून मॅकिंटॉश यांनी संपूर्ण इमारत विणली आहे. पुढच्या दालनाच्या भिंतीवर, वरच्या पट्ट्यात, गिलाव्यात उठवलेल्या विलोच्या आकृती आहेत. त्यांत पान, फांदी वेगळी ओळखू येत नाही, नुसत्या खाली ओघळणाऱ्या रेषा दिसतात. खुर्च्यांच्या उभ्या पट्ट्यांतही तेच झाड आहे, पण आता सरळ आणि कोरडे झालेले.

पुढच्या आणि मागच्या दालनांच्या मधोमध असलेली खुर्ची मला या संपूर्ण इमारतीचे मर्म वाटते. ती अर्धवर्तुळाकार आहे, काळपट रंगवलेल्या लाकडाच्या उभ्या-आडव्या पट्ट्यांची तिची उंच जाळीदार पाठ आहे, आणि त्या जाळीतले काही चौकोन भरून मॅकिंटॉश यांनी एका झाडाची आकृती साधली आहे. समोरून पाहिले की खोड आणि पसरलेला शेंडा दिसतो, बाजूला सरकले की नुसते चौकोन उरतात. पण ही खुर्ची कोणा गिऱ्हाइकासाठी नव्हतीच. तिच्यावर चहागृहाची देखरेख करणारी बाई बसत असे. वाढणाऱ्या मुली तिच्याकडे मागणी सांगत, आणि ती रंगीत गोळे नळीतून खाली सोडून ती मागणी स्वयंपाकघराला कळवत असे. म्हणजे एकाच वस्तूने तीन कामे केली: दोन दालनांमध्ये पडदा घातला, मालकिणीच्या माणसाला दोन्हीकडे नजर ठेवायला बसवले, आणि इमारतीच्या नावाचे झाड जमिनीवर उभे केले. उपाहारगृहाची रचना करणाऱ्या कोणत्याही तरुण वास्तुकाराने ही खुर्ची तासभर पाहत बसावे. बहुतेक उपाहारगृहांत गल्ला आणि मागणी घेण्याची जागा ही सर्वांत शेवटी, उरलेल्या कोपऱ्यात कोंबलेली असते, आणि मग तिच्याभोवती गर्दी, गोंगाट आणि सांडासांड होते. इथे धंद्याच्या कामकाजाचा केंद्रबिंदूच सौंदर्याचा केंद्रबिंदू केला आहे. हे सुचायला वास्तुकाराला स्वयंपाकघर आणि टेबल यांच्यातली ये-जा समजलेली असावी लागते, आणि ती समजून देणारी मालकीण असावी लागते.

वरचे ‘सलाँ द लक्स’ हे या जागेचे सर्वांत प्रसिद्ध दालन. शिशाच्या पट्ट्यांत बसवलेल्या रंगीत काचेची त्याची मूळची दुहेरी दारे एवढ्या उलथापालथीतून वाचली हेच मोठे नशीब. आत भिंतींचा खालचा भाग कापडाने मढवलेला, त्याच्या वर आरसे आणि रंगीत काच यांचा पट्टा भोवताली फिरलेला, आणि छत हलके कमानदार. खुर्च्या चंदेरी रंगाच्या, बैठकी जांभळ्या, आणि मधल्या टेबलांशी असलेल्या उंच पाठींमध्ये जांभळ्या काचेचे छोटे चौकोन जडवलेले. खिडकीतून उजेड आला की हे चौकोन दिव्यासारखे पेटतात, आणि समोरच्या आरशांत त्यांचे तुकडे फिरू लागतात. स्कॉटलंडमधला उजेड बहुतेक दिवस राखी असतो. त्या राखी उजेडाला इतके जपून आणि इतके पटींनी वाढवून वापरलेले मी दुसऱ्या कुठल्या उपाहारगृहात पाहिलेले नाही. भर उन्हाच्या दिवसापेक्षा ढगाळ दुपारी हे दालन अधिक खुलते, म्हणून पाऊस आहे म्हणून कोणी बेत रद्द करू नये.

याच दालनात मार्गारेट मॅक्डॉनल्ड मॅकिंटॉश यांचा उठावाचा फलक आहे. जेसो नावाच्या पांढऱ्या लेपावर, दोऱ्यासारख्या रेषा ओढून आणि मणी-काचा जडवून त्यांनी लांबट, दुःखमग्न स्त्रियांच्या आकृती काढल्या आहेत. आता भिंतीवर आहे ती प्रतिकृती; मूळ फलक ग्लासगोच्याच केल्विनग्रोव्ह संग्रहालयात आहे आणि तो पाहिल्याशिवाय ही भेट पुरी होत नाही. या बाईंचा वाटा पुष्कळ दिवस ‘वास्तुकाराची कलावंत पत्नी’ एवढ्यावर आटोपला गेला. स्वतः मॅकिंटॉश यांनी तसे केले नव्हते. उतारवयातल्या पत्रात त्यांनी आपल्या वास्तुकामात निम्म्याहून अधिक वाटा तिचा असल्याचे तिला लिहिले. या दालनात बसून पाहिले की ते लिहिणे निव्वळ प्रेमापोटी नव्हते हे पटते. सरळ रेषा त्यांची आणि ओघळणारी रेषा तिची, अशी ढोबळ वाटणी करण्याचा मोह होतो, पण खुर्चीच्या पाठीवरचा हलका बाक आणि फलकातली कडक उभी चौकट पाहिली की दोघांचे हात कुठे वेगळे करायचे ते कळेनासे होते.

खाण्यापिण्याविषयी थोडक्यात सांगतो, कारण ते उत्तम असले तरी नवलाचे नाही. दुपारच्या चहाबरोबर मजल्यामजल्यांच्या तबकात सँडविच, स्कोन आणि केक येतात. स्कोन ऊन असतानाच खावेत, साय आणि मुरंबा सढळ हाताने लावावा. चहा किटलीत येतो आणि किटली लवकर संपत नाही, म्हणून घाई करण्याचे कारण नाही. आपल्याकडच्या उकळलेल्या, आलेवेलची घातलेल्या चहाची सवय असणाऱ्याने दुधाचे प्रमाण आधीच कमी ठेवून पाहावे. शाकाहारी माणसाने जागा राखून ठेवतानाच तसे सांगितलेले बरे. वाढणारी मंडळी आपुलकीने वागतात आणि टेबलावरून उठून कोणी छताकडे पाहत उभा राहिला तर त्याला हटकत नाहीत. इतक्या नावाजलेल्या जागेत हे सौजन्य टिकून आहे, याचे मला विशेष वाटते.

आता बसण्याचा प्रश्न. उंच पाठीच्या खुर्च्या ऐसपैस नाहीत. त्यांची बैठक अरुंद आहे, पाठ ताठ आहे, आणि रेलून बसण्याची सवय असणाऱ्या माणसाला त्या सतत सावध ठेवतात. हाडाच्या सुताराला त्यांचे सांधेही फारसे रुचणार नाहीत, कारण मॅकिंटॉश लाकडाच्या स्वभावापेक्षा रेषेचे ऐकत असत, आणि बारीक, लांब उभ्या दांड्यांवर जोर येतो तिथे लाकूड कुरकुरते. त्यांच्या काळच्या हस्तकलावाद्यांचा मुख्य आक्षेप हाच होता की चांगले ओक त्यांनी रंगाखाली झाकले. हा आक्षेप खरा आहे आणि तो मान्य करूनही मी या खुर्च्यांच्या बाजूने उभा आहे. चहागृहातली खुर्ची दिवसभर काम करण्यासाठी नसते; अर्धा-पाऊण तास ताठ बसून समोरच्या माणसाशी बोलण्यासाठी असते. त्या अवधीत ही खुर्ची माणसाला एक डौल देते. तळमजल्यावरच्या शिडीसारख्या पाठीच्या, कमी उंचीच्या खुर्च्या मात्र बसायलाही चांगल्या आहेत, आणि ज्यांचे गुडघे किंवा कंबर कुरकुरते त्यांनी सरळ तिथेच बसावे. तिथून जाळीची खुर्चीही नीट दिसते.

मूळ खुर्च्या संग्रहालयांत आणि खासगी संग्रहांत गेल्या आहेत, त्यामुळे आपण बसतो त्या नव्याने केलेल्या आहेत. काही जाणकारांना ही बाब खटकते. त्यांच्या मते पुनर्रचना हा इतिहासाचा देखावा ठरतो. याचे उत्तर म्हणून मी त्यांना स्कॉटलंडमधल्याच डंडी शहरात पाठवीन. इनग्रॅम स्ट्रीटच्या चहागृहातले ‘ओक रूम’ हे 1907-08 च्या सुमाराचे दालन, हॉटेलसाठी जागा करताना 1971 मध्ये तुकड्यातुकड्यांनी उतरवून गुदामात ठेवले गेले, आणि अनेक दशकांनी जोडून 2018 पासून डंडीच्या व्ही अँड ए संग्रहालयात मांडले आहे. साडेतेरा मीटर लांबीचे, सज्जा असलेले ते दालन खऱ्या लाकडाचे आहे, आणि ते पाहताना ऊर भरून येतो. पण तिथे टेबल नाही, कपबशीचा आवाज नाही, कोणी कोणाची वाट पाहत बसलेले नाही. ज्या दालनाचे सगळे प्रमाण बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवरून ठरवले, त्यात माणूस फक्त उभा राहून चालत गेला तर अर्धी रचना समजतच नाही. विलोमध्ये लाकूड नवे आहे, पण वापर जुनाच आहे. डंडीत लाकूड जुने आहे आणि वापर गेला आहे. शक्य असेल त्याने दोन्ही पाहावे, आणि एकच जमत असेल तर माझा कौल विलोला.

या इमारतीनंतर मॅकिंटॉश यांच्याकडे दहाएक वर्षे कामाची रांग होती. ग्लासगोजवळच्या हेलेन्सबरा इथले प्रकाशक वॉल्टर ब्लॅकी यांचे ‘हिल हाऊस’, स्कॉटलंड स्ट्रीटची शाळा, आर्ट स्कूलचा 1907 ते 1909 मधला दुसरा टप्पा, मिस क्रॅन्स्टन यांच्या स्वतःच्या ‘हाउसहिल’ या घराची सजावट, आणि अधूनमधून इनग्रॅम स्ट्रीटला नवे दालन. मग हात आखडले. कार्यालयातली भागीदारी संपली, 1914 मध्ये पतीपत्नींनी ग्लासगो सोडले, आणि इंग्लंडमधल्या सफोकच्या किनाऱ्यावर फुलांची चित्रे काढत असताना, पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीत, शत्रुपक्षातल्या व्हिएन्नाशी असलेल्या पत्रव्यवहारामुळे त्यांच्यावर हेरगिरीचा संशयही आला. या पडत्या काळातही मिस क्रॅन्स्टन यांनीच त्यांना काम दिले: 1917 च्या सुमारास विलोच्या तळघरात ‘डगआउट’ हे दालन झाले, आणि ग्लासगोतले त्यांचे शेवटचे काम तेच. त्याच वर्षी मिस क्रॅन्स्टन यांचे पती वारले आणि त्यांनी धंदा आवरता घेतला. नॉर्थहॅम्प्टनमधले 78 डर्नगेट हे घर सोडले तर पुढे मोठे काही उभे राहिले नाही. शेवटची काही वर्षे फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर पोर्ट व्हॉन्द्र इथे जलरंगात गेली. त्या चित्रांतले डोंगर आणि किल्लेही वास्तुकाराने बांधल्यासारखे पक्के आहेत. 1928 च्या डिसेंबरात, साठाव्या वर्षी, कर्करोगाने लंडनमध्ये त्यांचा मृत्यू झाला. 1933 मध्ये मार्गारेट गेल्यावर त्यांच्या स्टुडिओतल्या वस्तूंची किंमत 88 पाउंड 16 शिलिंग 2 पेन्स ठरवण्यात आली, चित्रे आणि खुर्च्या धरून.

ही कारकीर्द का आटली याची कारणे पुष्कळ सांगितली जातात: मद्यपान, हट्टी स्वभाव, महायुद्ध, बदललेली अभिरुची. ती सगळी असतील. पण विलोमध्ये बसून मला एक साधे कारण अधिक पटते. ज्या वास्तुकाराला दाराच्या मुठीपासून वाढणाऱ्या मुलींच्या पोशाखापर्यंत सगळे स्वतः ठरवायचे असते, त्याला तेवढी मोकळीक देणारे आणि वर आपल्या धंद्याची शिस्तही सांभाळणारे गिऱ्हाईक आयुष्यात एखादेच भेटते. मॅकिंटॉश यांना ते वीस वर्षे लाभले. समितीचे काम त्यांना झेपणारे नव्हते. मिस क्रॅन्स्टन यांच्याकडे समिती नव्हती. आजही उपाहारगृहांची कामे करणारे वास्तुकार मालकाच्या हस्तक्षेपाबद्दल कुरकुरतात, आणि मालक वास्तुकारांच्या लहरींबद्दल. दोघांनी इथे एका टेबलाशी बसावे. गोळ्यांची नळी मालकिणीच्या गरजेतून आली आणि जाळीचे झाड वास्तुकाराच्या मनातून, आणि त्यातले एक काढले तर दुसरे लंगडे पडते.

एक गोष्ट खुर्च्या विकत घेऊ इच्छिणाऱ्यांसाठी. 1973 पासून इटलीतील कॅसिना ही कंपनी मॅकिंटॉश यांच्या काही खुर्च्या रीतसर बनवते. हिल हाऊसच्या शयनगृहातली शिडीसारखी, सुमारे 140 सेंटीमीटर उंचीची काळी खुर्ची आणि विलोची जाळीदार खुर्ची त्यांत आहेत. बाजारात स्वस्त नकला पुष्कळ मिळतात. त्यांतल्या अनेकांत आडव्या पट्ट्यांमधले अंतर बिघडलेले असते, आणि ही खुर्ची त्या अंतरांवरच तर उभी आहे. माझे मत विचाराल तर घरात ती घेऊ नये. हिल हाऊसमध्ये ती पांढऱ्या भिंतीसमोर, एकटी, कोणी बसण्यासाठी नव्हे तर त्या पांढऱ्या खोलीला एक काळी उभी रेघ मिळावी म्हणून ठेवलेली आहे. आपल्या बैठकीच्या खोलीत सोफा, दूरदर्शन संच आणि शोकेस यांच्या गर्दीत तिचे काम उरत नाही, आणि ती कपडे टाकण्याची जागा होऊन बसते.

जाणाऱ्यांनी जागा आधी राखून ठेवावी आणि ‘सलाँ द लक्स’मध्ये बसायचे असल्यास ते तेव्हाच स्पष्ट सांगावे. शेजारच्या इमारतीत मॅकिंटॉश आणि मिस क्रॅन्स्टन यांच्यावरचे छोटे प्रदर्शन आहे. ते चहाच्या आधी पाहिले तर वर गेल्यावर डोळे नीट चालतात. सज्जावर चढून मागच्या दालनाकडे खाली पाहायला विसरू नये, कारण टेबले आणि खुर्च्या मिळून जमिनीवर जो आराखडा होतो तो वरूनच दिसतो. दुसरा दिवस हाताशी असेल तर हेलेन्सबराची गाडी धरावी. तिथले हिल हाऊस ओल लागून खचू लागल्याने 2019 पासून संपूर्ण घरावर पोलादी जाळीचे मोठे आवरण उभारले आहे, आणि त्या आवरणातल्या जिन्यांवरून घराच्या छपराच्याही वर चढून जाता येते. मॅकिंटॉश यांचे घर त्यांनी स्वतःही ज्या कोनातून पाहिले नसेल त्या कोनातून तिथे पाहायला मिळते. चहा मात्र सॉकीहॉल स्ट्रीटलाच घ्यावा.